टेलिग्राम ग्रुपमधल्या अटॅचमेंट उतरवून घेणारी स्क्रिप्ट: माहितीपुस्तिकेचा खर्डा, सूचना हव्या आहेत

कोरा_कागद | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचा मोडी शिकणाऱ्यांचा एक टेलिग्राम ग्रुप आहे. घरोघरच्या ट्रंकांमधून निघालेले कागद, म्हणजे खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं, देवस्थानाचे हिशेब, सभासद फोटो काढून तिथे टाकतात आणि ज्यांना वाचता येतं ते एकेक ओळ लावून देतात. हे फोटो एका जागी नीट राहावेत म्हणून मी पायथन या संगणकीय भाषेत एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्रॅम, लिहिली. ग्रुपमध्ये बॉट (माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालणारं टेलिग्राम खातं) बसवायचा, कुणी फोटो किंवा पीडीएफ टाकली की स्क्रिप्ट ती उतरवून घेऊन हार्ड डिस्कवर ठेवते.

स्क्रिप्ट चालली. तिची माहितीपुस्तिका मात्र मी दीड पानात उरकली होती आणि त्या दीड पानाने घात केला. ग्रुपमधल्या एका काकांनी पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम सगळं केलं. महिनाभराने त्यांच्या संगणकावर २१२ फोटो जमले होते आणि त्यांची नावं होती फाइल_०, फाइल_१, फाइल_२. कुठला कागद कुणाच्या घरचा, कुठल्या गावचा, पुढचं पान कुठलं आणि पाठपान कुठलं, काही म्हणता काही कळेना.

कोणी पाठवलं, कधी, सोबत काय लिहिलं, हे टिपून ठेवायची सोय स्क्रिप्टमध्ये होती. ती चालू करावी लागते हे पुस्तिकेत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून ते लिहायला हवं हे सुचलंच नाही. काकांनी एकदाही बोल लावला नाही, पण ते २१२ कागद पुन्हा जुळवताना आम्हा दोघांचे तीन रविवार गेले आणि सतरा पानांचा धनी अजून सापडलेला नाही.

आता पुस्तिका पहिल्यापासून लिहायला घेतली आहे. सुरुवातीचा भाग खाली देते. कुठे अडेल, काय सुटलंय, शब्द कुठले खटकतात, मोकळेपणाने सांगा.

*खर्डा: ही स्क्रिप्ट काय आणते आणि काय आणत नाही*

बॉट ग्रुपमध्ये आल्यानंतरचे मेसेजच त्याला दिसतात, आधीचे नाहीत. स्क्रिप्ट बंद असताना आलेले मेसेज टेलिग्राम बॉटसाठी जास्तीत जास्त २४ तास राखून ठेवतं. शनिवारी दुपारी संगणक बंद करून सोमवारी संध्याकाळी उघडलात, तर शनिवारी रात्री आलेले कागद स्क्रिप्टला मिळणार नाहीत आणि ते सुटल्याचं तिला कळणारही नाही.

२० एमबीपेक्षा मोठी फाइल बॉटला उतरवता येत नाही. फोनच्या फोटोला हे लागू पडणार नाही, स्कॅनरला पडेल. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून न दाबता (कॉम्प्रेस न करता) टिफमध्ये ठेवलं तर साधारण २६ एमबी होतं. अशी फाइल आली की स्क्रिप्ट ती सोडून देते आणि नोंदीत 'मोठी फाइल, उतरवली नाही' असं लिहिते. ती हाताने उतरवावी लागेल.

फाइलचं मूळ नाव टिकेल असं धरून चालू नका. उतरवण्याचा पत्ता टेलिग्रामकडून येतो तेव्हा त्यात फोटोज, फाइल_० असंच नाव असतं. टेलिग्रामच्या अधिकृत माहितीतही म्हटलं आहे की मूळ नाव आणि फाइलचा प्रकार पुढे टिकेलच असं नाही, मेसेज आला तेव्हाच ते आपल्याकडे लिहून ठेवा. म्हणून नोंद आता कायम चालू असते, ती बंद करायची सोयच काढून टाकली आहे.

कागदाचा फोटो 'फाइल' म्हणून पाठवा, 'फोटो' म्हणून नको. फोटो म्हणून पाठवला की टेलिग्राम तो दाबून लहान करतं. फिकट पडलेल्या शाईचे बारीक फाटे त्यात आधी जातात, आणि मोडीत अक्षर ओळखायचं ते त्या फाट्यांवरूनच.

पत्ता मागण्याच्या विनंतीला गेटफाइल म्हणतात. मिळालेला पत्ता किमान एक तास चालतो, पुढे पुन्हा मागता येतो. त्यासाठी फाइल आयडी (टेलिग्रामने त्या फाइलीला दिलेली ओळख) लागतो आणि तो ज्याच्या त्याच बॉटला चालतो, एका बॉटचा आयडी दुसऱ्याला देऊन उपयोग नाही.

रातराणी_७ | मंगळवार, रात्री १०:०५

वाचतेय. आमच्या घराण्याचा ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे, तिथे हे चालेल का? पणजोबांची पत्रं सगळी तिथेच पडली आहेत.

घाटवाट | मंगळवार, रात्री ११:२०

@कोरा_कागद, खर्डा चांगला आहे. 'काय आणत नाही' हे पहिल्याच पानावर सांगितलंत ते फार आवडलं. पण त्याच्याही आधीची एक पायरी राहिली आहे.

बॉट नवा बनवला की त्याचा प्रायव्हसी मोड आपोआप चालू असतो. त्या अवस्थेत ग्रुपमधले साधे मेसेज त्याला दिसतच नाहीत. त्याच्यासाठी दिलेल्या आज्ञा आणि त्याला दिलेली उत्तरं असलंच काय ते पोचतं. मी असाच एक बॉट बसवला होता आणि दोन संध्याकाळी नुसता काळ्या खिडकीकडे बघत बसलो होतो. स्क्रिप्ट चालू, एरर नाही, ग्रुपमध्ये धडाधड फोटो पडताहेत आणि इकडे एकही नाही. बॉटफादरकडे (बॉट बनवायला आणि त्यांची सेटिंग बदलायला असलेला टेलिग्रामचाच बॉट) जाऊन प्रायव्हसी बंद केली तरी काही होईना, कारण नंतर बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा आत घ्यावं लागतं, तेव्हाच बदल लागू होतो. दुसरा मार्ग म्हणजे त्याला ॲडमिन करायचं. हे ठळक लिहा.

दुसरी गोष्ट, जुने मेसेज. बॉटला ते मिळत नाहीत एवढ्यावर थांबू नका, वाचणारा तिथेच हताश होईल. टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये चॅटचा इतिहास निर्यात करता येतो. फोटो आणि फाइली फोल्डरमध्ये येतात आणि सोबत मेसेजची यादी एचटीएमएल (ब्राउझरमध्ये वाचायचं पान) किंवा जेसन (प्रोग्रॅमला वाचायला सोपी फाइल) म्हणून मिळते. जेसन घ्या, त्यात प्रत्येक मेसेजची तारीख, पाठवणारा आणि फाइलचा मार्ग असतो. निर्यात करताना फाइलच्या आकाराची मर्यादा ठरवायची पट्टी असते, ती वाढवायला विसरलं की मोठ्या फाइली येत नाहीत. तेव्हा एकदा निर्यात करून जुनं उरकायचं आणि पुढचं बॉटवर सोपवायचं.

@रातराणी_७, व्हॉट्सॲपच्या घरगुती ग्रुपला हे चालणार नाही. तिथे 'एक्सपोर्ट चॅट' वापरा, मीडियासकट. एक मजकुराची फाइल आणि फोटो मिळतील. अँड्रॉइडवर फोटोच्या नावात तारीख आणि डब्ल्यूए पुढे क्रमांक असतो आणि तेच नाव मजकुरातही येतं, त्यावरून जोड्या लावता येतात. व्हॉट्सॲपची धंद्यासाठीची क्लाउड सेवा वेगळी. तिथे मीडियाचा पत्ता मागितला की तो फक्त ५ मिनिटं चालतो आणि उतरवतानाही टोकन, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त किल्ली, द्यावं लागतं.

निवृत्त_तलाठी | बुधवार, सकाळी ६:५०

ते २१२ फोटोवाले काका मीच.

ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आयुष्यभर मी जे दुसऱ्यांना सांगत आलो तेच मी स्वतः केलं नाही. कार्यालयात कागद आला की तो आधी आवक नोंदवहीत चढतो. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, पानं किती. मग तो कागद फायलीला लागतो. नोंदीशिवाय कागद टेबलावर ठेवला तर तो हरवलाच म्हणून समजायचं, मग तो समोर दिसत का असेना. गावात कधी जमिनीचा वाद उभा राहिला की आम्ही आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडायचो आणि तिच्यातल्या क्रमांकावरून कागदापर्यंत जायचो.

तुमच्या पुस्तिकेत 'मेटाडेटा सीएसव्ही' असा शब्द होता. तो वाचून मला वाटलं, हे संगणकवाल्यांचं काहीतरी असेल. तिथे 'आवक नोंदवही' असं लिहिलं असतंत तर मी ती पहिल्या दिवशी चालू केली असती.

आणखी एक. काल रात्री नवी आवृत्ती चालवून बघितली, ती मध्येच थांबली. जे आलं ते जसंच्या तसं खाली चिकटवतो, बघून सांगा.

[मजकूर काढला आहे. — कोरा_कागद यांच्या विनंतीवरून]

घाटवाट | बुधवार, सकाळी ७:१५

काका, तातडीचं! तुम्ही चिकटवलेल्या एररमध्ये तुमच्या बॉटचं टोकन आहे. पत्त्यात 'बॉट' या अक्षरांच्या लगेच पुढे आकडे, मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि नंतर लांबलचक अक्षरं आहेत ना, ते टोकन. ते ज्याच्या हाती लागेल तो तुमचा बॉट चालवू शकेल आणि ग्रुपमध्ये येणारा प्रत्येक कागद त्याला मिळेल. मेसेज काढायला सांगितलं आहे, पण दरम्यान कुणी वाचला असेल तर त्याला इलाज नाही. बॉटफादरकडे जा, आज्ञांच्या यादीत 'रिव्होक' आहे, ती द्या, बॉट निवडा. जुनं टोकन मरेल, नवं मिळेल. ते स्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीत घाला.

निवृत्त_तलाठी | बुधवार, सकाळी ७:४०

केलं. नवं टोकन आलं, जुनं घालून बघितलं तर आता चालत नाही. शिक्का हरवला की नवा करून घेतात तसंच झालं हे. पण एररमध्ये किल्ली असते हे मला कुठून कळणार?

कोरा_कागद | बुधवार, सकाळी ८:१०

काका, तुम्हाला कळायचं काही कारणच नव्हतं. पुस्तिकेच्या शेवटी मीच लिहिलं आहे, 'अडचण आल्यास पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा कॉपी करून पाठवा'. तुम्ही तेवढंच केलंत.

टेलिग्रामला प्रत्येक विनंती ज्या पत्त्यावर जाते त्या पत्त्यातच टोकन असतं, फाइल उतरवण्याच्या पत्त्यातही. नेट तुटलं की पायथनची लायब्ररी एररमध्ये तो अख्खा पत्ता छापते. हे मला माहीत होतं आणि तरी मी ते वाक्य लिहिलं. आज दुपारपर्यंत स्क्रिप्टमध्येच बदल करते, पडद्यावर किंवा लॉगमध्ये काही छापण्याआधी टोकनाच्या जागी फुल्या येतील. पुस्तिकेतही सांगते: उतरवण्याचा पत्ता ग्रुपमध्ये कुणाला पाठवू नका, 'हा घ्या फोटो' म्हणूनसुद्धा नको.

उंबराचं_फूल | बुधवार, दुपारी १:३०

यंत्रांच्या आणि सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या जुन्या दीड पानात 'अडचणी' असा भाग होता. त्यात मथळे असे होते: प्रायव्हसी मोड, ऑफसेट, रेट लिमिट. ही सगळी कारणं झाली. पुस्तिका उघडणाऱ्या माणसाला समोर जे दिसतंय तेवढंच माहीत असतं. 'स्क्रिप्ट चालू आहे, एरर नाही, पण एकही फोटो येत नाही', असा मथळा हवा. त्याखाली प्रायव्हसी मोड. 'काल चालत होती, दोन दिवस बंद ठेवली, मधले कागद आले नाहीत', त्याखाली २४ तासांची मर्यादा. 'थांब, इतक्या सेकंदांनी ये असं काहीतरी येतंय आणि ४२९ आकडा दिसतोय', त्याखाली एक ओळ पुरे: काही करू नका, स्क्रिप्ट स्वतःच थांबून पुन्हा प्रयत्न करते. घाटवाट यांनी वर त्या दोन संध्याकाळींचं जे वर्णन केलंय ते जवळपास जसंच्या तसं उचला, त्याहून चांगला मथळा मला सुचणार नाही.

दुसरं, शिकवणी आणि संदर्भ एकात कालवू नका. पहिल्यांदा चालवणाऱ्याला एकच वाट दाखवा, फाटे न फोडता: बॉट बनवा, ग्रुपमध्ये घ्या, एक फोटो टाका, फोल्डर उघडून तो आलाय ना बघा, आवक नोंदवहीत त्याची ओळ आहे ना बघा. ही शेवटची पायरी कधीही गाळू नका. काकांनी पहिल्याच दिवशी नोंदवही उघडून बघितली असती तर ती रिकामी आहे हे एका फोटोनंतर कळलं असतं, २१२ नंतर नाही. सेटिंगचे बारकावे, फाइल आयडीचे प्रकार वगैरे मागच्या वेगळ्या भागात जाऊ द्या.

मी नवीन पुस्तिका आधी घरातल्या कुणाकडून तरी करून घेते. शेजारी बसायचं, हाताची घडी घालायची आणि तोंड उघडायचं नाही. जिथे माणूस मान वर करून माझ्याकडे बघतो तिथे एक वाक्य कमी आहे असं समजते.

सांदीकोपरा | बुधवार, दुपारी ३:०५

वरच्या यादीत आणखी एक लक्षण घाला: 'सगळ्या फाइली आल्या, पण एकही उघडत नाही आणि सगळ्यांचा आकार सारखाच आहे.'

आमच्या ऑफिसचं चॅट स्लॅकवर आहे. तिथल्या फाइलींचा पत्ता खासगी असतो, विनंतीच्या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत) टोकन पाठवावं लागतं आणि त्या टोकनाला फाइली वाचायची परवानगी असावी लागते. मी हेडर द्यायला विसरलो होतो. तीनशेच्या आसपास फाइली मस्त उतरल्या, नावं बरोबर, शेवटी जेपीजीसुद्धा. नोटपॅडमध्ये एक उघडली तर आत लॉगिनच्या पानाचं एचटीएमएल. सर्व्हरने 'नाही' म्हणण्याऐवजी दारापाशी नेऊन सोडलं होतं आणि माझ्या प्रोग्रॅमने तेच पान फोटो म्हणून ठेवून दिलं.

तेव्हापासून उतरवलेल्या फाइलीचे पहिले दोन-चार बाइट तपासल्याशिवाय पुढे जात नाही. जेपीजी असेल तर सुरुवात एफएफ डी८ ने होते, पीडीएफ असेल तर टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं. दोन ओळींचं काम आहे. टेलिग्रामवर हा प्रसंग सहसा येणार नाही, पण नेट मध्येच तुटून अर्धवट फाइल येऊ शकते, तेव्हा टेलिग्रामने सांगितलेला आकार आणि डिस्कवरचा आकार ताडून बघा.

घाटवाट | बुधवार, संध्याकाळी ६:४५

सांदीकोपरा, बरोबर. त्यावरून क्रमाची एक गोष्ट आठवली. गेटअपडेट्समध्ये (नवे मेसेज मागण्याच्या विनंतीत) आपण पुढचा ऑफसेट, म्हणजे कुठल्या क्रमांकापासून पुढचे हवेत ते, दिला की मागचे मेसेज 'पोचले' असं टेलिग्राम समजतं आणि पुन्हा देत नाही. म्हणून आधी फाइल उतरवा, तपासा, नोंदवहीत ओळ लिहा आणि मगच ऑफसेट पुढे सरकवा. उलटं केलं आणि मध्ये वीज गेली तर तो कागद गेला.

काकांची स्क्रिप्ट नेट तुटून थांबली होती, पण ती एरर बघताना त्याच्या वरच्या ओळीत मला दुसरंच काहीतरी दिसलं: 'फाइलचं नाव फार लांब'. ताई, तुम्ही फोटोखालच्या मजकुरावरून फाइलीला नाव देता का? काका लिनक्सवर आहेत का?

कोरा_कागद | बुधवार, संध्याकाळी ७:२०

हो, नव्या आवृत्तीत मजकूर हेच नाव केलंय, म्हणजे फोल्डर उघडलं की लगेच कळावं. काकांच्या नातवाने त्यांना उबुंटू घालून दिलंय. माझं विंडोज आहे आणि माझ्याकडे एकदाही अडलं नाही.

घाटवाट | बुधवार, रात्री ८:००

तिथेच मेख आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीवाल्यांना ही भिंत सहसा लागतच नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी वेगळी चिन्हं. २५५ ला तीनने भागा: ८५. त्यातून डॉट जेपीजीचे ४ बाइट वजा केले की ८३ चिन्हं उरतात. 'मौजे' पासून सुरू होऊन गाव, तालुका, वाटणीपत्र, कोणा-कोणामध्ये, असं लिहीत गेलं की ८३ कधी ओलांडली ते कळतही नाही. विंडोज २५५ मोजतं ते बाइटमध्ये मोजत नाही, त्यामुळे तुमच्याकडे तेच नाव सुखाने मावतं.

नाव आखूड ठेवा: तारीख आणि आवक क्रमांक. मजकूर नोंदवहीत जाऊ दे, तिथे हवा तेवढा लांब चालेल.

भाषाभान | बुधवार, रात्री ९:१५

घाटवाट यांच्या मुद्द्याला जोडून. कुणी उद्या खुद्द मोडी लिपीत नाव द्यायला गेलं तर आणखी लवकर अडेल. मोडीला युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत) २०१४ साली जागा मिळाली आणि तिच्या चिन्हांना यूटीएफ-८ मध्ये ४ बाइट लागतात.

नोंदवहीत शोधताना आणखी एक गोम येईल, ती 'ऱ' ची. 'दुसऱ्या बाजूचे पान' यातला ऱ दोन प्रकारे साठवलेला असू शकतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता (ठिपका) अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र वेगळे. 'दुसऱ्या' शोधलं आणि अर्धीच पानं सापडली असं होईल. नोंद लिहिताना मजकूर युनिकोडच्या एनएफसी, म्हणजे ठरलेल्या एकसारख्या, रूपात आणून ठेवा, हा ऱ त्यात एकच चिन्ह होतो. मराठीत 'ऱ्या', 'ऱ्हा' पावलोपावली येतात, त्यामुळे हे किरकोळ समजू नका.

आता शब्दांविषयी. अटॅचमेंटला काही ठिकाणी 'संलग्नक' लिहितात. तुमच्या ग्रुपमध्ये बोलताना तो शब्द कुणी वापरतं का? नसेल तर 'अटॅचमेंट' किंवा नुसतं 'फाइल' ठेवा. 'डाउनलोड'साठी तुम्ही 'उतरवून घेणे' लिहिलंत ते मात्र जपा. सातबाराचा उतारा आपण म्हणतोच की. मूळ दप्तरात राहतं, आपण उतरवून आणतो. इथे नेमकं तेच होतं आहे.

निवृत्त_तलाठी | बुधवार, रात्री ९:५०

उताऱ्याचं लाख बोललात. आणि उताऱ्यावर तो कधी काढला त्याची तारीख असते. नोंदवहीत कागद पाठवल्याची तारीख आहे, उतरवल्याचीही घाला.

आता अडचण. काल देशपांड्यांकडचं म्हणून दहा पानांचं वाटणीपत्र आलं (आडनाव बदललं आहे). नोंदवहीत पहिल्या पानापुढे सगळा मजकूर आहे, बाकी नऊ पानांपुढे कोरं. पुन्हा तेच बेवारस कागद.

कोरा_कागद | बुधवार, रात्री १०:३०

काका, हे मी शोधून काढलं. अनेक फोटो एकदम निवडून पाठवले की टेलिग्राम त्याचा अल्बम करतं, २ ते १० फोटोंचा. बॉटला मात्र तो एकेक मेसेज म्हणून मिळतो आणि खालचा मजकूर बहुधा त्यातल्या एकालाच चिकटलेला असतो. पण त्या सगळ्या मेसेजवर अल्बमचा एकच क्रमांक असतो, मीडिया ग्रुप आयडी. तो मी आजवर टाकून देत होते. आता नोंदवहीत त्याचा रकाना केला आहे आणि एकाच गठ्ठ्यातल्या पानांना मजकूर आपोआप लागतो. पानांचा क्रम मेसेजच्या क्रमांकावरून लावते.

सातासमुद्रापार | गुरुवार, पहाटे ४:१०

मी याच ग्रुपमध्ये आहे, न्यू जर्सीहून. आजोबांचे काही कागद मी टाकले होते. दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली तारखेची. टेलिग्राम मेसेजची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतं, भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमचे फोल्डर तारखेप्रमाणे असतील आणि वेळ बदलून घेतली नसेल, तर काका पहाटे पाचला जो कागद टाकतात तो आदल्या दिवसाच्या फोल्डरमध्ये जाईल. माझ्या बाबतीत तर तारीख नेमकी कुठली म्हणायची हाच प्रश्न. पुस्तिकेत एकदा सांगून टाका की नोंदवहीतल्या सगळ्या वेळा भारतातल्या आहेत.

दुसरी जास्त महत्त्वाची. ग्रुपमध्ये बॉट आहे आणि तो प्रत्येक कागदाची प्रत ठेवतो हे मला हा धागा वाचून कळलं. माझा विरोध नाही, उलट आनंद आहे. पण एका वाटणीपत्रात माझ्या आत्याच्या वाट्याबद्दल जे लिहिलं आहे त्यावरून घरात अजून बोलाचाली होते. तो कागद मी दोन दिवसांनी ग्रुपमधून पुसला होता. तो तुमच्याकडे आहे का?

कोरा_कागद | गुरुवार, सकाळी ७:००

आहे. ग्रुपमधला मेसेज पुसला गेला हे बॉटला कळवलं जात नाही, त्यामुळे तुम्ही पुसलंत तरी आमची प्रत तशीच राहिली. मी आत्ता माझ्याकडची काढली, काकांनाही फोन केला, त्यांनीही काढली. बॅकअपच्या डिस्कवरची आज संध्याकाळी काढून इथे सांगते.

आणि माफ करा. हे विचारायला हवं होतं ते आम्ही विचारलं नाही. आजपासून ग्रुपच्या वर पिन केलेला मेसेज असेल: इथे बॉट आहे, तो प्रत्येक फाइलची प्रत आणि पाठवणाऱ्याचं नाव ठेवतो, ग्रुपमधून पुसल्याने ती प्रत पुसली जात नाही, काढून टाकायची असेल तर आवक क्रमांक कळवा. पुस्तिकेत हे अडचणींच्या भागात जाणार नाही. बॉट ग्रुपमध्ये घेण्याच्या पायरीच्या आधीची पायरी म्हणून जाईल, सभासदांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका अशी.

सातासमुद्रापार | गुरुवार, सकाळी ७:२५

मनापासून आभार. बाकीचे कागद राहू द्या. आत्यालाही विचारून बघते, कदाचित तीच 'ठेवा' म्हणेल.

उंबराचं_फूल | शुक्रवार, रात्री ९:००

नवा खर्डा वाचला. काल माझ्या सासूबाईंच्या हातात दिला, त्या शिक्षिका होत्या, टेलिग्राम वापरतात, संगणक बेताचा. मी घडी घालून बसले. मान दोनदा वर झाली. एकदा 'टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा' इथे, कसं उघडायचं ते लिहिलेलं नाही. दुसऱ्यांदा नोंदवही एक्सेलमध्ये उघडल्यावर, सगळी मराठी अक्षरं म्हणजे नुसती चिन्हांची रांगोळी झाली होती. नोंदवहीची सीएसव्ही फाइल लिहिताना यूटीएफ-८ बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीच्या खुणेसकट) लिहा, म्हणजे एक्सेलला ते देवनागरी असल्याचं कळतं.

कोरा_कागद | शुक्रवार, रात्री ९:३५

दोन्ही केलं. टर्मिनलसाठी विंडोज आणि उबुंटू दोन्हींची चित्रं घातली. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बॅकअपवरची प्रतही काढली आहे, @सातासमुद्रापार.

निवृत्त_तलाठी | रविवार, दुपारी १२:१५

आज नवी पुस्तिका समोर ठेवून, कोणाला न विचारता, पहिल्यापासून सगळं केलं. सकाळपासून ग्रुपमध्ये ३४ फाइली आल्या. ३३ उतरल्या, एक मोठी म्हणून सोडली, तिची नोंद आहे, ती हाताने घेतली. नोंदवही छापून काढली, रकाने असे: आवक क्रमांक, पाठवल्याची तारीख, उतरवल्याची तारीख, पाठवणारा, गठ्ठा, पान, मजकूर, फाइलीचं नाव.

छापील नोंदवही घेऊन ते जुने सतरा बेवारस कागद पुन्हा बघत बसलो होतो. आवक २१ ला जे गहाणखत आलंय त्याच्या पाठपानावरचं हस्ताक्षर आपल्या सतरांपैकी दोन पानांशी जुळतंय. पाठवणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, हो, मागच्या महिन्यात मीच टाकली होती. ताई, आता पंधरा राहिले.